प्रगतीची वेणी कुणी घालायची

तुझी लेक काय काय करते, असं सारजाला कुणी विचारलं असतं तर तिनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं असतं, "काय बी न्हाय. समदं मीच करती." आणि त्यात खोटं काही नव्हतं. प्रगतीला सहावं लागलं तरी तिचं तोंड सारजा धुवायची, आंघोळ सारजा घालायची, घास सारजा भरवायची. झग्याची बटणं, चपलेचा पट्टा, परकराची गाठ, शेंबडं नाक, सगळं सारजाच्या हातात. शेवटी वेणी. वेणी घालताना सारजा गुणगुणायची. पोरीचे केस दाट होते, कमरेपर्यंत आले होते, आणि वरकुटे गावात कुठल्याच पोरीला असे केस नव्हते.

प्रगती दीड वर्षाची असताना तिला ताप भरला होता. ताप उतरला, पण उजवा हात खांद्यापासून सैल पडला तो पडलाच. इंदापूर झालं, बारामती झाली, तेलमालिश झालं, देवाला कोंबडं झालं. हात हलला नाही. मग सारजानं मनाशी एक ठरवून टाकलं, की माझे दोन हात आहेत ते हिचेच.

त्यांची वस्ती गावाबाहेर, कॅनॉलच्या कडेला होती. सासरे तात्याबा. एके काळी त्यांची मेंढरं कोकणापर्यंत जायची. आता नावापुरती चार राहिली होती आणि म्हातारा दिवसभर त्यांच्याच मागं. नवरा राम कांदा आणि मका करायचा, हंगामात दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. सासू केव्हाच गेली होती. घरात सारजाला कुणी टाकून बोलत नव्हतं, पण कुणी काही विचारतही नव्हतं. कांदा कधी काढायचा, बी कुठून आणायचं, ते बापलेक ओट्यावर बसून ठरवायचे. ती दिवसभर हवी असायची ती एकट्या प्रगतीला. "आये, नाडी." "आये, पाणी." हाक आली की सारजा खुरपं टाकून बांधावरून पळत सुटायची. पळताना ती दमायची, पण तिला बरं वाटायचं.

त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर तिची नणंद, रामची मोठी बहीण नकोशी, काटेवाडीहून एक पत्र्याची पेटी घेऊन आली ती कायमचीच. तात्याबांना लागोपाठ मुली झाल्या, म्हणून हिचं नाव नकोशी पडलं होतं. तिला मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी आणली. काही वर्षं तिनं सवतीबरोबर काढली आणि एक दिवस पेटी उचलून एसटीत बसली.

"रडू नगंस गं," तिनं आल्या आल्या सारजालाच सांगितलं, कारण रडत होती ती सारजा. "मी तितं रडून आलीया. आता हितं काम सांग मला."

सारजानं तिला मायेनं ठेवून घेतलं. आपल्या दोन लुगड्यांतलं एक दिलं. निजायला आतली जागा दिली. तेव्हा तिला ठाऊक नव्हतं की आपण काय घरात घेतोय.

नकोशी डावरी होती. लहानपणी त्यासाठी तात्याबांनी तिला काठीनं मारलं होतं, सासरी वाढायला बसली की सासू हातातलं भांडं काढून घ्यायची. तरी तिचा डावा हात काही मागं राहिला नाही. आल्याच्या आठवड्यात एका सकाळी ती चुलीपाशी बसली होती आणि सारजा प्रगतीला भाकरी कुस्करून भरवत होती. नकोशीनं बराच वेळ बघितलं. मग पोरीला म्हणाली, "हात बघू तुझा. त्यो न्हवं, ह्यो. ह्यो तर चालतोय की."

"त्यो डावा हाय," प्रगती म्हणाली.

"माझाबी डावाच चालतो," नकोशी म्हणाली, आणि डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

प्रगती हसली. अशी हसली की तिच्या तोंडातला घास सारजाच्या हातावर सांडला.

म्हाताऱ्यानं आरडाओरडा केला. डाव्या हातानं धुवायचं असतं, त्याच हातानं जेवायचं म्हणजे काय, पोरगी काय वाऱ्यावर सोडली? नकोशी उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "तात्या, तिला येकच हात हाय. त्यानंच धुवंल, त्यानंच साबणानं धुऊन जेवंल. न्हायतर तुमी हाय तवर तुमी भरवा, आन तुमच्या मागं कोण ते बी सांगून जावा." म्हातारा पुटपुटत मेंढरांकडं गेला. रामनं खालच्या मानेनं ताटातलं संपवलं आणि जाताना म्हणाला, "आक्का म्हणती ते बराबर हाय."

सारजाच्या मनात आलं, सहा वर्षं मी भरवलं तेव्हा हे बराबर का चूक, कुणी बोललं नाही.

एका हातानं तोच हात धुवायचा कसा, हा मोठाच प्रश्न होता. नकोशीनं परसातल्या वेलावरचं वाळलेलं घोसाळं काढलं, सोलून त्याची जाळी केली आणि न्हाणीच्या दगडाला तारेनं आवळून बांधली. साबण त्या जाळीवर फासायचा आणि तळहात वर घासायचा. प्रगतीला तो खेळच वाटला. फेस कोपरापर्यंत चढायचा. न्हाणीच्या गोणपाटाआडून दोघींचं हसू यायचं, आणि बाहेर सारजा भांडी घासत ते ऐकायची. ती भांडी त्या दिवसांत फार चकचकीत निघायची.

मग बटणं सुरू झाली. नकोशीनं झग्याची पाठीमागची बटणं काढून पुढं लावली, भोकं मोठी केली. चड्डीतली नाडी काढून लवचिक पट्टी घातली. पोरीला समोर न बसवता ती शेजारी बसवायची, खांद्याला खांदा लावून, आणि स्वतःचा उजवा हात पदरात गुंडाळायची. डाव्या अंगठ्यानं बटण ढकलायचं, बोटानं ओढायचं. एक बटण लागायला सकाळचा चहा थंड व्हायचा. सारजाला ते बघवायचं नाही. तिचा हात आपोआप पुढं जायचा. एकदा तिनं पटकन दोन बटणं लावून टाकली, तर प्रगतीनं तिचा हात झटकला.

"तू नगं आये. तुला येत न्हाय."

पोर काही मनात धरून बोलली नव्हती. सारजाला उजव्या हातानं येत होतं, डाव्यानं येत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. पण सारजा दिवसभर तेच वाक्य चघळत राहिली. कांद्याच्या वाफ्यात बसून ती मनातल्या मनात नणंदेला बोलत होती. स्वतःला झालं नाही म्हणून माझं घेतलं. काटेवाडीत सवतीनं नवरा घेतला, त्याचा वचपा हिनं माझ्यावर काढला. असं मनात यायचं आणि लगेच तिला भीती वाटायची, की आपण इतकं वाईट कधी झालो.

ती पहाटे लवकर उठू लागली. नकोशी उठायच्या आत प्रगतीचं तोंड धुवून, कपडे घालून, दुधात भाकरी चुरून भरवून मोकळी व्हायची. पोर अर्धवट झोपेत गिळायची. नकोशी उठून बघायची आणि चुलीकडं वळायची. मग सारजाला वाटायचं, जिंकले. संध्याकाळी मात्र प्रगती आत्तीच्या मागं मागं फिरायची. वेणी तेवढी सारजाची राहिली होती. एका हातानं तीन पेड घालता येत नाहीत, नकोशीलाही ते शिकवता येत नव्हतं. सारजा त्या वेणीला आता दुप्पट वेळ लावायची.

जूनमध्ये नकोशीनं पोरीला शाळेत नेलं. आबासाहेब गुरुजी पहिलीला शिकवायचे. पोरीला बाहेर जाता येतं का, स्वतःचं स्वतः जेवता येतं का, एवढंच त्यांनी विचारलं. प्रगतीनं त्यांच्यासमोर डबा उघडून दाखवला, झाकण गुडघ्यात धरून. गुरुजींनी नाव घातलं आणि गावभर सांगितलं, तात्याबाच्या नकोशीनं पोरगी काय तयार केली. पाणी भरायला गेलं की बायका सारजाला म्हणायच्या, "तुमच्या वन्संचं मातुर कौतिक हाय." सारजा म्हणायची, "व्हय." आणि घागर डोक्यावर घ्यायची.

तो दिवस कुठला, ते पुढं कुणी काढलं नाही, पण पाऊस नव्हता आणि ऊन कडक होतं. लवचिक पट्टीच्या चड्ड्या दोरीवर वाळलेल्या होत्या. सारजानं त्या बघितल्या. तरी तिनं आपल्या पेटीच्या तळातून जुनी, नाडीची चड्डी काढली.

"ती का?" प्रगतीनं विचारलं.

"दुसऱ्या वल्ल्या हायती," सारजा म्हणाली.

आणि नाडी बांधताना तिनं सूरगाठ मारली नाही. निरगाठ मारली, आणि तिच्यावर आणखी एक. मारताना तिनं स्वतःला सांगितलं, सैल राहिली तर घसरेल. पण तिला माहीत होतं. पोरीला गाठ सुटणार नाही, पोर शाळेतून पळत येईल, बांधावरून हाक मारेल, आये, नाडी. शाळा काही लांब नव्हती. एवढंच तिला हवं होतं, एक हाक.

दुपारी सारजा घरामागच्या वाफ्यात खुरपत होती. नकोशी दुसऱ्याच्या रानात कामाला गेली होती. प्रगती बांधावरून येताना दिसली, एकटीच, चालत. झगा पायाला चिकटला होता. शाळेमागं तिनं गाठीशी झगडून बघितलं होतं, दातांनी ओढायला दात पोचत नव्हते, आणि मग सगळ्या पोरांसमोर व्हायचं ते झालं होतं. पोरं हसली होती. सारजाला तिथूनच सगळं कळलं. ती उठून उभी राहिली आणि वाट बघू लागली. प्रगतीनंही तिच्याकडं बघितलं. हाक मारली नाही. मान वळवली आणि सरळ घरात गेली.

सारजा पुन्हा खाली बसली. हाक मारल्याशिवाय जायचं नाही, असं तिला वाटलं. तिनं दोनचार काड्या गवत उपटलं. मग घरातून किंकाळी आली.

पोरीनं विळी मांडली होती. पाट पायाखाली धरून ती पात्यावर वाकली होती, आणि नाडीचं टोक ओढून गाठ कापायला बघत होती. नाडी एकदम तुटली आणि हात तसाच पात्यावरून गेला. डावा हात. तळव्यापासून अंगठ्याच्या मुळापर्यंत.

रामनं कुणाची तरी फटफटी आणली. सारजा मागं पोरीला मांडीवर घेऊन बसली, पदर रक्तानं जड झाला. इंदापूरला डॉक्टरांनी टाके घातले आणि सांगितलं, जखम भरेपर्यंत हात वापरायचा नाही, पाण्यात घालायचा नाही. प्रगती रडली नाही. कसं झालं विचारलं तेव्हा म्हणाली, "म्या विळी घेतली."

दुसऱ्या दिवशी सारजा भाकरी थापत होती. नकोशी न्हाणीतून आली आणि तिच्यासमोर तुटकी नाडी ठेवली. गाठ अजून तशीच होती, ओली होऊन आणखी आवळलेली.

"सोड," नकोशी म्हणाली.

सारजानं पिठाचे हात पुसले. नखं घातली, दात लावले, ओढलं. दोन्ही हातांनी तिला ती सुटेना. तव्यावरची भाकरी करपली. नकोशीनं ती काढून बाजूला टाकली.

"सुटंना न्हवं?" ती म्हणाली. "मी रामला सांगनार न्हाय. तात्यालाबी न्हाय." आणि उठून गेली. त्या दिवसापासून ती पोरीच्या कुठल्याच गोष्टीत पडली नाही. सकाळी कामाला जायची ती दिवस मावळताना यायची.

आता सारजाला तिचं सगळं परत मिळालं. घास, आंघोळ, बटणं, सगळं. प्रगती तोंड उघडायची, हात वर करायची, पाय पुढं करायची. पण ती सारजाकडं बघत नसायची. दाराकडं बघत बसायची. जखम भरली, टाके निघाले, अंगठा हळूहळू वळू लागला, तरी पोरीनं पुन्हा हात लावला नाही कशाला. शाळेचं नाव काढलं नाही. "आये, नाडी," अशी हाक पुन्हा येऊ लागली. पहिले काही दिवस सारजा तशीच पळाली पूर्वीसारखी, आणि तिला बरं वाटलं, हेही खरं.

पुढं भाद्रपदात सारजाला हिवताप आला. घरात ती आणि पोर दोघीच. सकाळी नकोशीनं भाकरी, कालवण झाकून ठेवलं होतं. सारजा गोधडीत कुडकुडत पडली, ग्लानीत गेली, जागी झाली, पुन्हा गेली. उन्हं उतरली तेव्हा तिनं डोळे उघडले. प्रगती तिच्या उशाला बसली होती आणि तिच्यासमोर ताट होतं, झाकलेलंच.

"खाल्लं का न्हाईस?"

"तू उठली न्हाईस."

सारजानं उठायचा प्रयत्न केला, पण तिला बसवेना. पोरीचे ओठ सुकले होते. पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर होता. सारजा तशीच पडून तांब्याकडं बघत राहिली. मेंढराचं कोकरूसुद्धा सकाळपासून उपाशी बसलं नसतं, असं तिच्या मनात आलं.

"पी," ती म्हणाली. "तुझं तू पी. मला बी दे."

प्रगतीनं तांब्या उचलला. निम्मं पाणी गोधडीवर सांडलं.

ताप उतरल्यावर सारजा नकोशीकडं गेली. नकोशी गोठ्यात शेण काढत होती.

"वन्सं, परत सुरू करा."

"तू कर की."

"मला जमत न्हाय. तिचा हात चाचपडाया लागला की माझाच म्होरं जातो."

नकोशीनं पाटी खाली ठेवली. "मग हातावर बसायचं," ती म्हणाली.

आणि सारजा खरोखरच हातावर बसली. सकाळी दोघी मायलेकींसारख्या शेजारी बसायच्या, नकोशी आणि प्रगती, आणि सारजा त्यांच्यासमोर, तळहात मांडीखाली दाबून. बटण भोकापाशी यायचं, निसटायचं, पुन्हा यायचं. सारजाच्या बोटांना मुंग्या यायच्या. बटण लागलं की प्रगती आधी आत्तीकडं बघायची, मग आईकडं. तो मधला क्षण सारजाला रोज बोचायचा. रोज बसूनही तो बोथट झाला नाही. नकोशीबद्दल तिला आता राग नव्हता, पण हेवा होता, आणि तो भाकरी थापताना, पाणी भरताना, सणावाराला सगळ्यात असायचा. पुढच्या जूनला प्रगती पुन्हा पहिलीत बसली, आणि नकोशीला निमगाव केतकीच्या अंगणवाडीत मदतनिसाचं काम लागलं. तिथली पोरं तिच्यामुळं नाक पुसायला, चपला नीट घालायला शिकली, असं बाजारात आलेल्या बायका सांगायच्या. सारजाला वाटायचं, बरंच झालं, तिला दुसरी पोरं मिळाली. पण संध्याकाळच्या एसटीनं ती घरी यायचीच, आणि प्रगती फाट्यावर जाऊन उभी असायची.

वेणी मात्र सारजाकडंच होती. प्रगती चौथीत असताना एका सकाळी आरसा घेऊन आली आणि म्हणाली, "आये, केस काप."

सारजाचा हात फणीवरच थांबला. "वन्संनी सांगितलं?"

"न्हाय. तू लवकर कामाला गेलीस की मला तसंच जावं लागतं. हितवर काप." तिनं कानाखाली बोट ठेवलं.

सारजानं संध्याकाळी नकोशीला गाठलं. भांडायच्या तयारीनंच गेली होती. नकोशीनं शांतपणे ऐकलं. "म्या न्हाय सांगितलं," ती म्हणाली. "मला सुचलं आसतं तरी मी बोलली नसती. तेवढं येक तुझं व्हतं, ते मला दिसत व्हतं."

 केस सारजानं स्वतःच कापले. आठवडाभर घातला तिनं त्या कामात. आज नको, उद्या, असं म्हणत. मग एका दुपारी पोरीला ओट्यावर बसवलं आणि कातर चालवली. प्रगतीनं मान हलवून बघितली, डाव्या हातानं फणी फिरवली, आणि आरशात तोंड बघून खूश होऊन पळाली. सारजा केस गोळा करत बसली.

पाचवीला प्रगतीला बारामतीच्या वसतिगृहात जागा मिळाली. नव्व्याण्णवचा जून होता. तिला सोडायला सारजा आणि नकोशी दोघी गेल्या. रामला ट्रॅक्टरवरून निघता आलं नाही. वसतिगृहाच्या बाई वयस्कर आणि कडक होत्या. त्यांनी पोरीच्या हाताकडं बघितलं आणि दोघींकडं बघून विचारलं, "हिचं कोण करणार इथं?"

सारजानं तोंड उघडलं. नकोशीनंही उघडलं. पण प्रगतीच बोलली. "मीच. कपडे पिळायला तेवढं कुणीतरी दुसरं टोक धरायचं." बाईंनी मान डोलावली आणि खोली दाखवायला एका मुलीला पाठवलं. प्रगती पिशवी खांद्याला अडकवून जिना चढून गेली. वरून वाकून तिनं हात केला, आणि मग दिसेनाशी झाली.

परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या. बारामती मागं पडली तशी नकोशी रडायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, थांबेचना. लोक वळून बघू लागले. पुढच्या बाकावरची एक बाई सारजाला हळूच म्हणाली, "आई हाय वाटतं. पोरीला सोडून आली?"

सारजाच्या ओठांवर आलं की सांगावं, आई मी आहे, रडायचा मान माझा आहे. तिचे डोळे कोरडे होते. सकाळपासून कोरडे होते. तिनं शेजारी बघितलं. नकोशीच्या हातातली पिशवी घसरून खाली पडली होती आणि तिचं तिला भान नव्हतं.

सारजानं वाकून पिशवी उचलली.

"आत्ती हाय," ती त्या बाईला म्हणाली. "लई जीव हाय तिचा पोरीवर."

मग तिनं नकोशीला खिडकीशी सरकवलं, काच वर केली, आणि स्वतः बाहेरच्या बाजूला, येणाऱ्याजाणाऱ्याचे धक्के खात, तोंड फिरवून बसली.